स्लॅब भरण्याआधी विचारा: पालघर, बोईसर आणि तारापूरकरांना तातडीचे आवाहन

बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ, उमरोळी, पालघर. या पट्ट्यात आज जिथे जिथे सेंट्रिंगच्या फळ्या लागल्या आहेत, तिथल्या प्रत्येक इमारतीचे पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचे विजेचे बिल येत्या काही आठवड्यांत ठरणार आहे. आणि ते ठरवणाऱ्यांमध्ये बिल भरणारा एकही माणूस नसेल. म्हणून हे आवाहन, आणि म्हणून ते तातडीचे.

इमारतीच्या पोटात काय काय जाते ते पाहा. पाण्याचे पाइप, पंप, वायरी, लिफ्ट, जिन्यातले दिवे, एसीच्या तांब्याच्या नळ्या, जनरेटर, मोठ्या संकुलात सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा. धंद्यातली माणसे या सगळ्याला मिळून एमईपी म्हणतात. बिल्डरच्या जाहिरातीत त्याला जागा नसते. तिथे असतात व्हिट्रिफाइड टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा आणि प्रवेशद्वाराची कमान. गिऱ्हाईकही तेच बघते. मग कंत्राटदार कमान झोकात बांधतो आणि पंप बाजारातला सर्वांत स्वस्त आणतो. त्यात त्याचा तरी काय दोष? पंप त्याने एकदा विकत घ्यायचा असतो. तो चालवायचे पैसे चाळीस कुटुंबांनी दर महिन्याला भरायचे असतात. सामान निवडणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, इथेच सगळी उधळपट्टी सुरू होते. चांगली यंत्रे मिळत नाहीत अशी तक्रार करायला आज वाव नाही. ती पालघरच्या आणि बोईसरच्या दुकानांत मिळतात. मागणारा नाही.

आपल्या भागाला विजेबद्दल कोणी शिकवावे अशी स्थिती नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालच्या, वीज तयार करणाऱ्या देशातल्या पहिल्या. २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. उत्तरेला डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. त्याची वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. उच्चदाबाच्या तारा आपल्या वाड्यांवरून आणि भातखाचरांवरून जातात आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांना विजेसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. या जिल्ह्याने विजेसाठी जमीन दिली, समुद्रकिनारा दिला. तीच वीज आपण गळक्या फूट व्हॉल्व्हवर आणि जिन्यात दिवसाढवळ्या जळणाऱ्या दिव्यांवर घालवत असू, तर ते लाजिरवाणे आहे.

एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण तो सुशिक्षित माणसांकडूनही ऐकू येतो. ‘आपल्याकडची वीज अणूची, तिला कसला आलाय कार्बन?’ तारापूरची वीज थेट आपल्या घरात येत नाही. ती पश्चिम विभागाच्या जाळ्यात जाते, आणि २०१३च्या अखेरीपासून देशभराचे जाळे एकच आहे. त्या जाळ्यात कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या हिशेबाने जाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अणुभट्टीच्या कुंपणाला लागून राहणाऱ्याच्या युनिटलाही हाच हिशेब लागू आहे.

आता घाई कशाची, ते सांगतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्याच्या आदल्या वर्षी लोकल डहाणूपर्यंत आली होती. २०२१ मध्ये कोळगावचे जिल्हा मुख्यालय सुरू झाले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक बोईसरला होते आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. बंदर हवे की नको, यावर आपल्यात टोकाचे मतभेद आहेत आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध मला ठाऊक आहे. तो वाद या पत्रकाचा विषय नाही. पण या सगळ्यापायी जमिनींचे व्यवहार आणि इमारती वाढत चालल्या आहेत, हे डोळे असणाऱ्या प्रत्येकाला दिसते. विरार आणि वसईचे जे झाले ते पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आपले होणार. फरक इतकाच की त्यांना कोणी आधी सांगितले नव्हते.

तेव्हा सदनिका घेणाऱ्यांना पहिली विनंती. बुकिंगचा चेक देण्याआधी पंपापासून सुरुवात करा.

हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी ३० मीटर उंच चढवायला, म्हणजे साधारण आठ-नऊ मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीत न्यायला, भौतिकशास्त्राप्रमाणे ०.०८ युनिट वीज पुरते. प्रत्यक्षात पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ३० टक्के असेल तर पाव युनिटाहून जास्त लागते, ६० टक्के असेल तर त्याच्या निम्मे. पंपाच्या पाटीवर हे आकडे असतात. वाचत कोणी नाही. त्याहून मोठी गोष्ट पाइपाची. तेवढेच पाणी दीड इंचाऐवजी दोन इंची पाइपातून वर नेले तर पाइपातले घर्षण चौथाईच्याही खाली येते, कारण ते व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. दोन इंची पाइपाला थोडे पैसे जास्त पडतात, ते एकदाच. भिंत बुजवून प्लास्टर झाले की पाइप बदलायचा प्रश्नच राहत नाही. सोसायटी मग दर तीन वर्षांनी आणखी मोठा पंप बसवत राहते आणि वॉचमन टाकी भरायची वाट पाहत राहतो.

आणि ही वीज नुसती गच्चीपर्यंतची नाही. सूर्या नदीचे पाणी धामणी धरणातून निघाल्यापासून आपल्या जमिनीखालच्या टाकीत पडेपर्यंत ठिकठिकाणी उपसले जाते, शुद्ध केले जाते. गच्चीवरची टाकी भरून वाहते तेव्हा ही सगळी वीज गटारात जाते. पाणी भरल्यावर पंप आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच काही शे रुपयांना मिळतो. तो नसलेल्या, किंवा बिघडल्यावर बदलला नाही अशा सोसायट्या आपल्याकडे किती आहेत, ते पहाटे पाणी भरायच्या वेळी बाहेर पडून बघा. पाण्याच्या टंचाईवर मोर्चा काढणारी माणसेच या इमारतींत राहतात.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. आपली हवा दमट. पालघरच्या मे महिन्यात पारा ३५च्या आसपास असला तरी घामाने जीव जातो तो आर्द्रतेमुळे. अशा हवेत शरीर थंड होते ते अंगावरून वारा गेला तरच. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने, म्हणजे बीईईने, १४ डिसेंबर २०१८ रोजी घरांसाठी इको निवास संहिता आणली. उष्ण-दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असे ती सांगते. देशातल्या सगळ्या हवामान विभागांत हे प्रमाण सर्वांत जास्त आहे, कारण वाऱ्याची गरज आपल्यालाच सर्वांत जास्त. आता आपल्याकडचे चित्र पाहा. दहा बाय दहाची खोली, तिला चार बाय चारची ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी. कागदावर सोळा चौरस फूट, म्हणजे जवळजवळ बरोबर. पण दोन फळ्यांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते. प्रत्यक्ष वाऱ्याला वाट आठ चौरस फूट. बिजागरीच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडकीला संहिता ९० टक्के धरते. स्लायडिंगची फॅशन मुंबईच्या एसीवाल्या टॉवरांतून आली आणि आपण ती बोईसरच्या वन आरकेला लावून बसलो. वर पश्चिमेच्या भिंतीला छज्जा नाही, कारण छज्जा दिला तर इमारत ‘जुनाट’ दिसते म्हणे!

केळवे-माहीमच्या वाड्यांतली कौलारू घरे, त्यांच्या पडव्या, वारली पाड्यांवरच्या कारवीच्या कुडाच्या भिंती, या सगळ्यांत वारा कसा खेळतो ते आपल्याला माहीत आहे. जुने ते सोने म्हणायला मी बसलेलो नाही. कौले शाकारायला आता माणूस मिळत नाही आणि पाच मजले कुडाचे बांधता येत नाहीत. पण भिंतीला सिपोरेक्सचे ब्लॉक वापरले तर उन्हाची झळ साध्या विटेपेक्षा बरीच कमी आत येते, मायवन पद्धतीच्या सलग काँक्रीट भिंतीपेक्षा तर कितीतरी कमी. गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा थर दिला तर वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री झोपू शकतो. यातले काहीही परदेशातून आणायचे नाही.

आता ज्यांना सदनिकेचे बुकिंग कधीच करायचे नाही त्यांच्याबद्दल. तारापूर एमआयडीसी चालते ती उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, मराठवाडा आणि आपल्याच जव्हार-विक्रमगडहून आलेल्या कामगारांवर. ते राहतात बोईसरच्या, सरावलीच्या, खैरापाड्याच्या चाळींत. एका खोलीत चार-पाच जण, वर पत्रा किंवा उघडा स्लॅब, एक पंखा, एकच दार, मागे खिडकी असली तर असली. रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी नऊला झोपायला जातो तेव्हा पत्रा तापायला लागलेला असतो. त्याची झोप होत नाही आणि संध्याकाळी तोच माणूस रिॲक्टरपुढे किंवा रोलिंग मशीनपुढे उभा राहतो. हे मी दयेपोटी सांगत नाही. अपुऱ्या झोपेचा माणूस रासायनिक कारखान्यात कामावर असणे म्हणजे काय, ते तारापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागू नये.

या चाळींचे मालक आपलेच गाववाले आहेत. त्यांना माझे थेट सांगणे. पंखा तुम्ही घेता, युनिटचे पैसे भाडेकरू देतो, म्हणून तुम्ही ७५ वॅटचा सर्वांत स्वस्त पंखा लावता. बीएलडीसी मोटरचा पंखा तोच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. दिवसाला चौदा तास आणि वर्षाला तीनशे दिवस धरले तर एका पंख्यामागे जवळपास १९० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी एकोणीसशे रुपये. किमतीतला फरक हजार-दीड हजाराचा. म्हणजे पहिल्याच वर्षी पैसे वसूल. भाडेकरूशी बोला, फरकाचे पैसे वर्षभर थोडे थोडे भाड्यात घ्या, तो आनंदाने देईल. पत्र्यावर दर मार्च महिन्यात चुन्याचा जाड हात मारा. मागच्या भिंतीत, दाराच्या समोर, वारा आरपार जाईल अशी एक खिडकी फोडा. एवढ्या तीन गोष्टींना ना नकाशा लागतो ना परवानगीचा फेरा. सबमीटरवर महावितरणच्या दरापेक्षा जास्त पैसे घेणाऱ्या मालकांबद्दल मात्र काही चांगले लिहिणे मला जमणार नाही.

एसी लावू नका, असे मी कोणाला सांगत नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या मुलांना आपल्या मे महिन्यात त्याची गरज पडते. पण तो १८वर लावून वर गोधडी घेणे, याला काय म्हणावे? बीईईच्या सांगण्याप्रमाणे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या खोलीच्या एसीला कारखान्यातूनच २४ अंशांची सेटिंग दिलेली असते. २६वर ठेवून पंखा मंद चालू ठेवला की बहुतेकांना पुरते. आणि बिल्डरांनो, आउटडोअर युनिट बंदिस्त सर्व्हिस डक्टमध्ये ठेवायची जागा देऊ नका. एकावर एक दहा युनिटे त्या विहिरीत गरम हवा सोडतात आणि वरचे यंत्र खालच्याने सोडलेली गरम हवा ओढत बसते. नकाशात बाहेरच्या भिंतीला लहानसा कठडा दाखवला की हा प्रश्न संपतो. इमारत उभी राहिल्यावर संपत नाही.

एसीतल्या गॅसबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही. एकेकाळी घरोघरच्या एसीत आर-२२ असायचा, मग आर-४१०ए आला, आता आर-३२ आणि काही यंत्रांत आर-२९०. आर-४१०ए हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट जोरकस आहे. म्हणजे एका एसीतून किलोभर गॅस निसटला तर दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे. वर ०.७ किलोचा जो हिशेब दिला त्याने हे जवळपास २,९०० युनिट विजेइतके झाले. कमी वापराचे घर वर्षभरातही इतकी वीज जाळत नाही. आर-३२चा आकडा ६७५, आर-२९०चा तीनच्या आसपास. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि कारखान्यांतल्या आम्लाच्या वाफा मिळून तांब्याच्या कॉइल लवकर खातात, गळती लागते, मेकॅनिक येतो, उरलेला गॅस हवेत सोडतो, नवीन भरतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या उन्हाळ्यात परत तेच.

एसी मेकॅनिक मित्रांनो, गळती शोधून ब्रेझिंग केल्याशिवाय गॅस भरू नका, आणि काढायचा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्या. देशाच्या २०१९च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. आपल्या तालुक्यांतल्या आयटीआयनी असे वर्ग भरवले तर बोईसरच्या पोरांना ते कामच मिळवून देईल. गिऱ्हाइकांनीही ‘नुसता गॅस टाक’ म्हणणे सोडावे. आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर नवा एसी घेताना कॉइलला गंजरोधक लेप आहे ना, ते विचारावे.

कारखान्यांकडे वळतो. तारापूरच्या उद्योजकांची संघटना, टिमा, आणि प्रत्येक कारखान्याचा मेंटेनन्स मॅनेजर यांना ही विनंती आहे. तुमची उत्पादनप्रक्रिया तुम्हाला माहीत. तिच्यात मी नाक खुपसत नाही. मी बोलतो आहे ते वाफ, दाबाची हवा, थंड पाणी आणि एएचयू (खोल्यांत हवा खेळवणारी यंत्रे) यांबद्दल, म्हणजे ज्या गोष्टी कोणाच्याच खात्यात नसतात. येत्या सुटीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त काँप्रेसर चालू करा आणि घड्याळ लावून बसा. हवा कोणी वापरतच नसताना काँप्रेसर पुन्हा पुन्हा लोड घेत असेल, तर तेवढी हवा गळते आहे. सात बार दाबाच्या लाइनला तीन मिलिमीटरचे एक भोक तीन किलोवॅटच्या वर वीज खाते, रात्रंदिवस. बॉयलरला जाणारे पाणी कंडेन्सेट परत आणून सहा अंशांनी जास्त गरम मिळाले की इंधनात साधारण एक टक्का वाचतो. औषध कारखान्यांत तर विजेचा मोठा वाटा स्वच्छ खोल्यांच्या हवेवर जातो. रात्री उत्पादन नसताना पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर त्याची वीज निम्म्यावर येते, कारण वीज वेगाच्या तिसऱ्या घाताने कमी होते. मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी बहुतेकांकडे बसवलेलाच असतो, आणि तो कायम ५० हर्ट्झवर ठेवलेला असतो. खोलीचा दाब आणि स्वच्छता मर्यादेत राहते आहे ना, हे तुमच्या क्वालिटी विभागाला तपासू द्या. त्यांना घाबरून हा विषयच काढायचा नाही, हे मात्र चुकते.

उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून साध्या युनिटऐवजी केव्हीएएचवर बिल येते. म्हणजे पॉवर फॅक्टर ढासळला तर त्याचे पैसे थेट खिशातून जातात. कपॅसिटर बँक शेवटची कधी तपासली? ज्यांचे स्टील किंवा ॲल्युमिनियम युरोपात जाते त्यांच्यावर १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची कार्बन सीमाकर व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आहे. मालाबरोबर त्यामागच्या कार्बनचा हिशेबही तिकडे मागतात. तो हिशेब मीटर लावल्याशिवाय देता येत नाही. एवढे सांगून हा विषय सोडतो, उद्योजक हिशेबात आपल्यापेक्षा हुशार असतात.

गच्च्यांचे काय करायचे, हा पुढचा मुद्दा. पावसाळ्यात गळती लागली की आपल्याकडे सोसायट्या गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात. सांगाडा तोच, लोखंड तेच. त्यात भर घालून त्यावर सौर पॅनेल का बसवू नयेत? एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. दहा किलोवॅट म्हणजे महिन्याला बाराशे युनिट, जिने, पंप आणि लिफ्ट यांची बहुतेक गरज भागेल इतके. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, आणि स्वतंत्र घराला तीन किलोवॅटपर्यंत मिळून ७८ हजार. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. सांगाडा मात्र हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचाच घ्या. सातपाटी, चिंचणी, तारापूरच्या खाऱ्या वाऱ्यात रंग मारलेले लोखंड टिकत नाही. मे २०२१च्या तौक्ते वादळात आपल्या गच्च्यांवरचे काय काय उडाले ते आठवा, आणि वाऱ्याच्या वेगाचा हिशेब स्थापत्य अभियंत्याकडून लेखी घ्या. आणि पॅनेल बसवण्याआधी गळके पंप आणि जुने दिवे बदला. उधळपट्टी तशीच ठेवून तिच्यासाठी सौर वीज तयार करणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

सरकारी कार्यालयांना आवाहन एका वाक्यात होण्याजोगे आहे. कोळगावच्या जिल्हा मुख्यालयापासून प्रत्येक तहसील कार्यालय, रुग्णालय आणि नगर परिषदेपर्यंत प्रत्येक सरकारी इमारतीच्या दर्शनी भागात एक फलक लावा: गेल्या महिन्यात किती युनिट वापरले, चौरस मीटरमागे किती झाले. बीईई कार्यालयांना तारे देते ते याच मोजणीवर. शिवाय नगररचना विभागाने आणि ग्रामपंचायतींनी बांधकामाची कागदपत्रे तपासताना खिडकीचे उघडणारे क्षेत्र, पाइपाचा व्यास आणि आउटडोअर युनिटची जागा विचारावी. २०२२ साली दुरुस्ती झालेल्या ऊर्जा संवर्धन कायद्याने १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीपासून पुढच्या इमारती, निवासी इमारतीही, आपल्या कक्षेत घेतल्या आहेत. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन घेणाऱ्याला जादा चटईक्षेत्र मिळते. बिल्डरांना ही सवलत माहीत नसते, असे नाही. खरेदीदार विचारत नाही तोवर त्यांना तिची गरज वाटत नाही.

खरेदीदाराच्या हातात एक हत्यार आहे आणि ते वापरले जात नाही. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्या कलमात ‘सेवा पुरवण्यातील’ दोषही येतो. म्हणजे पंप, लिफ्ट, पाइप, वायरिंग. लोक भिंतीच्या भेगेसाठी तक्रार करतात, पण वर्षात दोनदा मोटर जळाली तर वर्गणी काढून नवी आणतात. तसे करू नका, पत्र लिहा. आणि करारनाम्याला जोडलेल्या परिशिष्टात लिफ्टचा ब्रँड लिहितात, तशीच पंपाची कार्यक्षमता, मुख्य पाइपाचा व्यास आणि गच्चीवरचे थर लिहून मागा. बिल्डर म्हणेल, ‘आजवर कोणी मागितले नाही.’ खरेच आहे ते.

पावसाळा सरला की स्लॅबचा हंगाम सुरू होतो आणि पुढच्या जूनपर्यंत चालतो. ज्यांचे बुकिंग झाले आहे पण तुमच्या मजल्याचा स्लॅब अजून भरलेला नाही, त्यांनी या आठवड्यात साइटवर जावे, इंजिनिअरकडून प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलचे नकाशे मागावेत आणि वर लिहिलेले प्रश्न विचारावेत. एकट्याने जाऊ नका, चार-पाच खरेदीदार मिळून जा.

जे आधीच राहायला आले आहेत त्यांच्यासाठी तारीख ठरलेलीच आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी निघते. ती निघण्याआधी सचिवांना एक अर्ज द्या, त्यावर निदान पाच सभासदांच्या सह्या घ्या, आणि विषयपत्रिकेवर हा एक विषय घालायला सांगा: कॉमन मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिले सभेपुढे मांडणे, आणि पंप, दिवे व गच्ची यांची तपासणी ऊर्जा लेखापरीक्षकाकडून करून घेणे.